साडेचारची गाडी का आली नाही

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा पंचांग काढून बसले.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. रेवदंडा ते श्रीवर्धन पायी, एसटीनं आणि लाँचनं कसं जायचं यावरचा माझा जुना लेख वाचून हे गृहस्थ बायको, मेहुणा आणि दोन मुलांसह भाऊबीजेच्या रविवारी दिवेआगरहून किनाऱ्यानं दक्षिणेकडे निघाले, तेही दुपारी बाराला. पुळण (वाळूचा किनारा) संपून कातळ लागतो तिथं पाण्यानं वाट अडवली, मेहुण्याचे नवे बूट खाऱ्या पाण्यात गेले, शेवटी सगळे वर चढून डांबरी रस्त्याला लागले. पुढच्या गावात साडेचारची गाडी मिळेल असं मी लिहिलं होतं. सहापर्यंत वाट पाहिली, गाडी आली नाही, मिनीडोर रिक्षा करून श्रीवर्धन गाठलं. त्यांचं म्हणणं असं की माहिती चुकीची होती, भरतीबद्दल धड काही लिहिलेलं नव्हतं, आणि मुळात 'एसटी ही तिथल्या माणसांची मजबुरी आहे, तुमची ती हौस. सरळ स्वतःची गाडी काढावी, त्यात लाज कसली?'

आधी साडेचारची गाडी. परवा त्या गावात फोन केला. मी जिथं जेवले होते त्या खाणावळीच्या वहिनी हसायलाच लागल्या. "अहो ताई, ती शाळेची गाडी. पोरांना सुट्टी की गाडीला सुट्टी." मी गेले होते जानेवारीतल्या गुरुवारी. गाडीत निम्मी दप्तरंच होती, एक पोरगी तर माझ्या पाठपिशवीवर वही ठेवून गणितं सोडवत होती. एवढं डोळ्यांदेखत असताना मी वेळ तेवढी टिपली आणि दप्तरं लेखाबाहेर ठेवली. चूक माझीच. तुम्हाला, विशेषतः मुलांना, दीड तास ताटकळावं लागलं त्याबद्दल मनापासून माफी मागते.

त्यावरून एक गोष्ट जी मी तेव्हाच लिहायला हवी होती. गावच्या फाट्यावर उभं राहून 'गाडी किती वाजता?' एवढंच विचारू नये. 'आज आहे का?' हेही विचारावं, आणि शक्यतो किराणा दुकानात विचारावं, कारण दुकानदाराचा माल आणि गिऱ्हाईक दोन्ही त्याच गाडीनं येतं. दिवस बांधायचाच असेल तर मुक्कामी गाडीवर बांधावा. रात्री गावात येते, चालक-वाहक तिथंच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. गाडी गावातच उभी असल्यावर ती येईल की नाही हा प्रश्नच उरत नाही. मी हल्ली उलटं करते. पहाटे मुक्कामी गाडीनं लांबच्या टोकाला जाते आणि चालत मोठ्या गावाकडे येते. दुपारी गाडी चुकली तरी आपण श्रीवर्धनसारख्या ठिकाणी असतो, कुठल्या आडफाट्यावर नाही.

आता भरती. 'ओहोटी पाहून निघावं' असं एक वाक्य लेखात होतं, पण ओहोटी पाहायची कशी हे नव्हतं, म्हणजे ते नसल्यातच जमा. आमच्या आजोळी रेवदंड्याला हा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असायचा. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती, दुपारीही आणि रात्रीही. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून तीनला. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते त्याचंच हे कोष्टक. वद्य पक्षातही पहिल्यापासून मोजायचं. अर्धा तास इकडेतिकडे होतो, मात्र किनारा चालायला एवढं पुरतं. भरतीच्या आधीनंतर सहा तासांनी ओहोटी.

तुमची भाऊबीज म्हणजे शुद्ध द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. बाराला निघालात, म्हणजे चढत्या पाण्यात निघालात आणि ऐन भरतीला कातळाशी पोचलात. त्यात अमावस्या होऊन दोनच दिवस झालेले, म्हणजे पाणी उधाणाचं. उधाण अमावस्येच्या दिवशीच संपत नाही, पुढचे दोन-तीन दिवस जोर असतो. तुम्ही पाण्यात न शिरता वर चढलात हे फार शहाणपणाचं केलंत, हे उपरोधानं म्हणत नाहीये. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर 'पाच मिनिटांत जाऊन येतो' म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या कपारींत लाट शिरते तेव्हा पळायला जागा नसते. अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत गेलेले लोक पाणी चढल्यावर तिथंच अडकतात, तेही वेळ न पाहिल्यामुळेच.

मजबुरी आणि हौस. हे मान्य. मी अर्ध्या तिकिटात खिडकीशी बसते (2023पासून आम्हा बायकांना एसटीत निम्मंच तिकीट लागतं, हा माझा दुसरा स्वार्थ), आणि शेजारची बाई दवाखान्यात निघालेली असते. हा फरक मी लेखात कधी बोलून दाखवला नाही. पण भारमान (गाडीतल्या भरलेल्या जागा) कमी म्हणून गावाची फेरी बंद होते तेव्हा ती या शेजारच्या बाईचीच बंद होते. माझ्यासारख्या हौशी बाईच्या तिकिटानं झालंच तर तिचं भलंच होतं. मी जागा अडवून तिला उभं ठेवत असेन तर मात्र तुमचं खरं, आणि बाजाराच्या दिवशी मी उठतेच.

मात्र 'सरळ गाडी काढा' हे मला पटत नाही, आणि ते साधेपणाची मिरवणूक काढायला म्हणून नव्हे. किनाऱ्याची वाट गोल नसते. गाडी लावली की चाललेलं सगळं उलटं चालून गाडीपाशी यावं लागतं, म्हणजे निम्माच किनारा पदरात पडतो. शिवाय दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. राजपुरीची खाडी रस्त्यानं टाळायची तर म्हसळ्याकडून वळसा. आगरदांड्याहून गाड्या नेणारी जंगल जेट्टी आहे, तुम्ही म्हणाल, आणि आहेच. गाडी पलीकडे जाईल, पण तुम्ही तिलाच बांधलेले राहाल. राजपुरीच्या धक्क्यावरून दिघीच्या लाँचमध्ये बसलं की उजव्या हाताला जंजिऱ्याचा तट सरकत जातो. मागच्या खेपेला दोघांनी एक मोटारसायकल उचलून आडवी आत घेतली, तिच्या चाकाला टेकून एक कोळीण रिकाम्या टोपलीत पाय ठेवून झोपली, आणि उतरताना तिला कुणी उठवायचं यावर धक्क्यावरची माणसं बोलत होती. दिघीला उतरले ते थेट चालायलाच.

रेवदंड्याहून मुरूडच्या गाडीत बसा, कोर्लईला दोन म्हाताऱ्या चढतात. कान दिलात तर शब्द पोर्तुगीज वळणाचे आणि वाक्य मात्र आपल्यासारखं क्रियापदावर संपणारं. त्या आपल्या बोलीला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. बोलणारी माणसं हजारभरच असतील. पोर्तुगीज चौलहून 1740मध्ये गेले, ही बोली मागे राहिली. कोर्लईचा किल्ला स्वतःच्या गाडीनं जाऊनही दिसतो. ही बोली माझ्या कानावर पडली ती एसटीतच.

लहान मुलं, म्हातारे आईवडील, तीन बॅगा असतील तर स्वतःची गाडीच न्या. हे लेखात नव्हतं, आता घातलं आहे. साडेचारच्या गाडीपुढे 'शाळा असेल तेव्हाच' असं लिहिलं आहे, आणि तिथीचा हिशेब सगळ्यात वर नेला आहे.

पुन्हा जायचं मनात असेल तर अष्टमी-नवमी पाहून जा. भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, आणि आठाची पाऊणपट सहा, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. नऊला निघालात तर तीनपर्यंत पुळण तुमचीच. मेहुण्याच्या बुटांना गोड्या पाण्यानं धुऊन, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवायला सांगा. उन्हात ठेवले तर तळवा सुटतो.