जुन्या तलवारीच्या पॉलिशवरच्या ‘तीन आठवडे लावले, तरी चमक नाहीच’ या अभिप्रायाला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार सर. तुमचे फोन दोनदा उचलले गेले नाहीत, त्याबद्दल मनापासून माफी. तारीख पुढे जातेय हे आम्हीच कळवायला हवं होतं.

पण ‘साध्या पॉलिशला ३,८०० घेतले आणि चमक नाहीच’ हे वाक्य जिव्हारी लागलं. दुकान अशाच कामावर चालतं, म्हणून सविस्तर लिहितो.

तलवार तुम्ही समजत होतात तशी ब्रिटिश अधिकाऱ्याची नाही. मुठीच्या आडव्या गार्डवर एफ, सी, बी आहे: फ्रेंडशिप, चॅरिटी, बेनेव्होलन्स. हे अमेरिकेतल्या नाइट्स ऑफ पिथियस या बंधुसंस्थेचं ब्रीद. जस्टस रॅथबोन यांनी ती १८६४ साली, यादवी युद्ध चालू असताना, वॉशिंग्टनमध्ये काढली. युद्धानंतर लष्कराची मागणी आटली, तेव्हा तिथल्याच चिकोपी गावच्या एम्ससारखे तलवारींचे कारखाने अशा संस्थांच्या तलवारी घडवू लागले. त्या मिरवणुकीच्या, धार नसलेल्या. म्हणून धार लावायला नकार दिला. तुम्ही म्हणता तसा ‘नकली’ हा शब्द आमच्याकडून गेलेला नाही.

आता चमक. पात्यावरची नक्षी आणि मूळ मालकाचं नाव आम्लाने कोरलंय, नखाला जेमतेम जाणवेल इतकंच खोल. बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, लावला असता तर पाच मिनिटांत आरसा झाला असता आणि नावही गेलं असतं. मुठीच्या टोकाचा नट गंजाने धरला होता. जोर केला की पात्याच्या मुठीत गेलेल्या शेपटीचे आटे जातात, म्हणून तेल सोडून चार दिवस थांबलो. पुढे पातळ तेल आणि चार-शून्य (सगळ्यात बारीक) स्टीलवूल, हाताने, पात्याच्या लांबीने. तेल मुरू द्यायचं, सुटेल तेवढाच गंज पुसायचा, पुन्हा तेल. शेवटी मेणाचा हात. दिवस यातच गेले, सर.

म्यान पिवळं दिसतं ते निकेल उडून पितळ उघडं पडल्यामुळे. आणण्याआधी ते भांड्यांच्या पावडरीने घासल्याचं तुम्हीच सांगितलंत, पावतीवर तशी नोंद आहे. अभिप्रायात तेवढं लिहिलं असतंत तर बरं वाटलं असतं.

फोनचं आणि तारखांचं बघतो आहोत, सुधारणा होईल. पावसाळ्यात पातं म्यानात ठेवू नका, तेलाचा हात देऊन सुती कापडात गुंडाळा. आणि एकदा तलवार घेऊन या. नावाची शेवटची दोन अक्षरं गंजाखाली होती, ती आता भिंगातून वाचता येतात.