दगड चुकलेला नाही, हद्दच तिथे आहे

अमेरिकेतल्या कॅन्सस-नेब्रास्का राज्यांच्या सीमेवरचा, जमीनमोजणीसाठी रोवलेला 1856चा दगड 40 अक्षांशावर तंतोतंत बसत नाही, म्हणून कॅन्ससमधल्या वॉशिंग्टन काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची) उत्तर हद्द ‘चुकीची’ आहे, हे लेखातलं विधान पटलं नाही. मूळ मोजणीत रोवलेली, सरकारने मान्य केलेली खूण हीच हद्द. अक्षांश हा फक्त ती कुठे रोवायची याचा हुकूम. जीपीएस आज फरक दाखवेल, पण त्याने कुणाचं शेत सरकत नाही.

खरी गंमत लेखात आलीच नाही. मिसुरी नदीपासून 108 मैलांवरच्या या दगडाशी चार काउंट्या भिडतात आणि सहावी मुख्य मध्यान्हरेषा (जमीनमोजणीची मूळ उत्तर-दक्षिण रेषा) इथूनच मोजली जाते. या मोजणीत जमिनीचे चौकोन पाडतात: टाउनशिप म्हणजे 6 मैल लांब-रुंद चौकोन, त्याच्या आत 640 एकरांचे 36 छोटे चौकोन, म्हणजे सेक्शन. पण मध्यान्हरेषा उत्तरेकडे जवळ येत जातात, त्यात साखळीची चूक (मोजायची साखळीही 33 फुटी, आपल्या गुंठ्याच्या बाजूएवढी!). हा सगळा फरक उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कडेच्या सेक्शनांत ढकलतात, त्यामुळे तिथे 640 एकर क्वचितच भरतात. कॅन्ससमध्ये दर 30 मैलांवर दुरुस्तीची रेषा असते, तिथून टाउनशिपची रुंदी पुन्हा पूर्ण 6 मैल धरून नव्याने मोजतात. सरळसोट रस्ता तिथे अचानक काटकोनात वळतो, तो त्यामुळेच.