'आफ्रिकेला युद्धनीती युरोपने शिकवली': दाव्याची उलटतपासणी

"आफ्रिकेतल्या टोळ्या दिसेल त्याला कापत. युद्धाचे नियम जगाला 1864 च्या जिनिव्हा कराराने दिले. आफ्रिकेत यावर कुणी काही लिहिलंच नव्हतं, आणि स्वातंत्र्यलढ्यातही त्यांनी कसलाच विधिनिषेध पाळला नाही." असा मजकूर सध्या जोरात फिरतोय. एकेक विधान घेऊ.

आधी 1864. त्या करारात कलमं दहा, तीही रणांगणावरचे जखमी सैनिक आणि त्यांना मदत करणारे यांच्यापुरती. सामान्य नागरिकांसाठी वेगळा जिनिव्हा करार झाला तो 1949 मध्ये. बायका-मुलांना मारू नये, हा नियम 1864 च्या कागदावर शोधून सापडणार नाही.

'दिसेल त्याला कापत' म्हणणाऱ्यांनी सोमाली पशुपालकांचा रूढ कायदा पाहावा. त्यात 'बिरी-मा-गेय्दो' नावाचा वर्ग आहे, म्हणजे ज्यांना भाला लागता कामा नये असे लोक: स्त्रिया, मुलं, म्हातारे, आजारी, पाहुणे, धर्मपंडित, तहाची बोलणी करायला आलेले. हा नुसता उपदेश नव्हता. खून पडला की भरपाई मारणाऱ्याच्या अख्ख्या भाऊबंदकीवर बसे. प्रचलित दर पुरुषामागे 100 उंट, बाईमागे 50. (हा 50 चा आकडा खटकतो, खटकायलाच हवा.) आपले उंट जाणार म्हटल्यावर भाऊबंदच तापलेल्या पोरांना आवरत. मेख अशी, की भरपाई वसूल करायला पाठीशी दांडगं कुळ लागतं. 1991 मध्ये राज्ययंत्रणा कोसळली, बंदूकधारी वडीलधाऱ्यांना जुमानेनात, आणि ज्यांच्यामागे कुळाचं बळ नव्हतं त्या बांतू शेतकऱ्यांसारख्या समाजांची दैना झाली.

उत्तर युगांडातल्या अचोलींमध्ये प्रश्न त्याही आधीचा: लढायला कारण आहे का? वडीलधारी मंडळी 'लापिर' तपासत, म्हणजे आपली तक्रार खरी आणि पुरेशी मोठी आहे का ते. खोट्या कारणाने काढलेलं युद्ध आपल्यावरच उलटतं, अशी समजूत होती.

'कुणी लिहिलंच नव्हतं' हे तर धादांत खोटं. उस्मान दान फोदियो यांनी आजच्या उत्तर नायजेरियात 1804 मध्ये हौसा राजांविरुद्ध जिहाद सुरू केला. लढाई शेजारच्या बोर्नू राज्यात शिरली, तेव्हा तिथले विद्वान मुहम्मद अल-कानेमी यांनी पत्रातून जाब विचारला: आम्ही मुसलमान असताना आमच्याशी लढता का, आमच्या स्वतंत्र माणसांना गुलाम का करता? पाप केलं म्हणून कुणी काफिर होत नाही. असली पापं इजिप्त-सीरियातही चालतात. उस्मान यांचे पुत्र मुहम्मद बेलो यांचं उत्तर दुपदरी होतं. बोर्नूत झाडादगडांना बळी दिले जातात, हे एक. आणि बोर्नूनेच आधी हौसा राजांची बाजू घेऊन आमच्यावर हत्यार उचललं, हे दुसरं. हा पत्रव्यवहार बेलो यांनी 1812 च्या 'इन्फाक अल-मैसूर' या अरबी ग्रंथात नोंदवून ठेवला, प्रतिपक्षाच्या युक्तिवादासकट. आमच्या मते वादात अल-कानेमी सरस ठरतात. मात्र मुसलमानेतरांना गुलाम करण्यावर दोघांचाही आक्षेप नव्हता, तेव्हा या वादाचं उदात्तीकरण करण्याचंही कारण नाही.

राहिला स्वातंत्र्यलढा. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी सरकारविरुद्ध 'उम्खोंतो वे सिझ्वे'ने, म्हणजे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र शाखेने, 16 डिसेंबर 1961 ला मोहीम उघडली, तेव्हा लक्ष्य विजेची यंत्रणा आणि सरकारी इमारती होत्या. माणसं मारायची नाहीत असा आदेश होता. मंडेलांनी 20 एप्रिल 1964 ला न्यायालयात त्यामागचा हिशेब मांडला. घातपात, गनिमी युद्ध, दहशतवाद, उघड क्रांती हे चार मार्ग समोर होते. पहिला निवडला, कारण त्यात जीव जात नाहीत आणि पुढे वंशावंशांत सलोखा होण्याची आशा उरते. 28 नोव्हेंबर 1980 ला काँग्रेसचे नेते ऑलिव्हर तांबो यांनी जिनिव्हा करार आणि त्यांना 1977 मध्ये जोडलेला पहिला पूरक करार पाळण्याचं लेखी जाहीर केलं. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तो पूरक करार स्वीकारला 1995 मध्ये!

नियम मोडलेही गेले. 20 मे 1983 ला प्रिटोरियात हवाई दलाच्या मुख्यालयासमोर 'उम्खोंतो'चा बॉम्ब फुटला, 19 जण मेले, त्यात नागरिकही होते. पुढे वर्णभेदी काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाने आफ्रिकन नॅशनल काँग्रेसलाही मानवाधिकारांच्या घोर उल्लंघनांसाठी जबाबदार धरलं. पक्ष तेव्हा सत्तेवर होता. ऑक्टोबर 1998 मध्ये तो अहवाल रोखण्यासाठी न्यायालयात गेला आणि हरला.