शुभेच्छा द्यायच्या तर नाव घेऊन द्या की! (सातारच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

सर नमस्कार. तुमची प्रतिक्रिया त्याच दिवशी वाचली होती पण मोबाईलवर चार ओळी टाकून मोकळं होणं बरोबर वाटेना, म्हणून आज रविवारचं निवांत बसून लिहितोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

ज्यांनी आधीची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या सांगलीतल्या एका सरकारी ऑफिसात (नाव तेव्हाही घेतलं नव्हतं, आत्ताही घेणार नाही) दाराजवळ पांढरा बोर्ड आहे, रोज सुविचार आणि सण आला की शुभेच्छा. दिवाळीला पणत्या-बिणत्या काढून तीन रंगात अक्षरं. रमजान ईदला शिपाईमामांनी आपल्या मनाने कोपऱ्यात चंद्रकोर काढून 'ईद मुबारक' लिहिलं तर कुणीतरी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, साहेबांना फोनावर फोन, साहेब वैतागले आणि त्यांनी सांगून टाकलं की इथून पुढं कुठल्याच सणाचं नाव नको, 'सर्व नागरिकांना सणासुदीच्या शुभेच्छा' एवढंच लिहायचं, वर्षभर. मी त्याला भित्रेपणा म्हटलं. तुमचं म्हणणं असं की हा भित्रेपणा नाही, हीच खरी धर्मनिरपेक्षता, उलट तेवढंसुद्धा लिहू नये, सरकारी भिंतीला धर्म नसतो, प्रगत देशातसुद्धा आता सणाचं नाव घेत नाहीत, आणि माझ्यासारखी माणसं शुभेच्छेसाठी दार उघडतात आणि त्याच दारातून पुढं सत्यनारायण आत येतो. वर परत 'कर्मवीर अण्णांच्या आणि दाभोलकरांच्या जिल्ह्यातून हे सांगतोय' हेही लिहिलंत, म्हणजे सांगलीला टोला मारायचा सोडला नाहीतच.

आता एक सांगा. २०२५ ला ६ जुलैला आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी आले. त्याच्या आदल्या वर्षी १७ जुलैला, तेव्हाही दोन्ही एकत्र. त्याच्या आधी २०२२ आणि २०२३ ला आषाढीच्याच दिवशी बकरी ईद. लोक योगायोग योगायोग म्हणून मेसेज फिरवत बसले, पण त्यात तसं नवल काही नाही, त्यांचा महिना पण चंद्रावर आणि आपल्या तिथ्या पण चंद्रावर, दोन महिने जुळले की त्यांची दहा तारीख आणि आपली एकादशी जवळपास एकाच दिवशी पडणार. मग २०२३ ला आपल्याकडं अधिक श्रावण आला, आपण महिनाभर मागं राहिलो, आणि पुढच्या वर्षी आषाढीसमोर बकरी ईदच्या जागी मोहरम आला. तर मुद्दा असा की त्या ६ जुलैला बोर्डावर काय लिहायचं होतं? सणासुदीच्या शुभेच्छा? मोहरमची दहा तारीख म्हणजे करबलात इमाम हुसेन शहीद झाले तो दिवस, शिया घरात दुखवटा असतो. तिथं शुभेच्छा देणं म्हणजे तेराव्याच्या जेवणाला जाऊन यजमानाचं अभिनंदन करण्यातला प्रकार झाला. गुड फ्रायडेचं पण तेच, दरवर्षी कुणीतरी 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा' म्हणून फ्लेक्स लावतोच आणि त्यावर स्वतःचा हसरा फोटो असतो.

आणि आपल्या भागातला मोहरम तर आणखी वेगळा. तुम्ही कडेगावचे ताबूत बघितलेत का? बघितले नसतील तर एकदा याच. कळकाच्या कामट्यांचे उंचच्या उंच ताबूत, बांधायची पद्धत अशी की आधी कळस मग पाया, वरून बांधत खाली यायचं, आणि बांधणारे, उचलणारे, मानकरी यात हिंदू-मुसलमान दोन्ही. भेटीला ताबूत समोरासमोर येतात तेव्हा माणसं घराच्या पत्र्यावर चढून बसलेली असतात. बाकी गावोगावी पीर बसतात, लोक नवस बोलतात, घराघरात चोंगे (मोहरमचा गोडाचा पदार्थ) होतात. म्हणजे दुखवटा पण आहे आणि जत्रा पण आहे, आणि त्यातलं कुठलं कुठं हे जवळ जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. साहेबांना तेच नको होतं. 'सणासुदीच्या' लिहिलं की आज कुणाचा काय दिवस आहे हे माहिती करून घ्यायची गरजच संपली. माझी तक्रार ती आहे सर. तुम्हाला त्यात तटस्थपणा दिसला, मला कामाचा कंटाळा दिसला.

सरकारी भिंतीला धर्म नसतो, मान्य. पण मग सरकारी कॅलेंडरचं काय करायचं? दरवर्षी शासन सुट्ट्यांची अधिसूचना काढतं, ती परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ च्या कलम २५ खाली (नाव वाचूनच घाम फुटतो, मूळ कायदा हुंड्या आणि चेकचा). त्यात महाशिवरात्र, महावीर जयंती, गुड फ्रायडे, बुद्धपौर्णिमा, बकरी ईद, मोहरम, पारशी नववर्ष, गणेश चतुर्थी, ईद-ए-मिलाद, दसरा, गुरुनानक जयंती, ख्रिसमस सगळं नावानिशी असतं. 'सणासुदीची सुट्टी क्रमांक सात' असं कुठं छापलेलं मी तरी बघितलं नाही. कुठल्या सणाचं नाव घ्यायचं हे कोण ठरवणार असं तुम्ही विचारलंय, तर ठरलेलंच आहे की ओ, ती यादी घ्या आणि भिंतीवर चिकटवा. सुट्टी नाव घेऊन घ्यायची आणि शुभेच्छा देताना तेवढी जीभ अडखळायची, हे काय मला पटत नाही.

२०२३ ला २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली होती. मुंबईत मुस्लिम समाजाने जुलूस एक दिवस पुढं घेतला, सरकारने २९ ची सुट्टी जाहीर केली, दोन्ही मिरवणुका झाल्या. तुमचा कुठला आमचा कुठला हे उघड बोलल्याशिवाय हे जमलं असतं का?

मिरजेची २००९ ची दंगल पण तुम्ही काढलीत. ते आम्ही विसरू म्हटलं तरी विसरता येणार नाही, विसर्जन थांबलं होतं, गावात कर्फ्यू होता. पण ते पेटलं रस्त्यावरच्या कमानीवरच्या चित्रावरून आणि तेही विधानसभेच्या तोंडावर. ऑफिसच्या बोर्डावर कुणी ईद मुबारक लिहिलं म्हणून नव्हे. आणि त्याच आमच्या जिल्ह्यात वाळवा तालुक्यात गोटखिंडीला मंडळाचा गणपती मशिदीत बसतो, कित्येक वर्षं, तेही लिहा की कधीतरी.

आता सत्यनारायण. इथं तुम्ही मला सरळ चुकीच्या पार्टीत बसवलंय. ऑफिसातल्या सत्यनारायणाला माझा विरोध आहे आणि तो तुमच्याइतकाच आहे, कदाचित जास्त, कारण ते आतून बघितलंय. वर्गणीची वही टेबलावरून टेबलावर फिरते, पहिलं नाव साहेबांचं आणि पुढं आकडा, मग खालच्यांनी किती टाकायचे ते न सांगता ठरतं. ज्याने वही तशीच पुढं सरकवली त्याचं नाव कुणी लिहून ठेवत नाही पण सगळ्यांच्या लक्षात राहतं. पूजेच्या दिवशी दुपारनंतर काउंटरवर माणूस नाही, आणि बाहेर सातबाऱ्यासाठी दोन एसट्या बदलून आलेला म्हातारा हातात शिऱ्याचा द्रोण घेऊन उभा. शिरा चांगला असतो हो, पण तो शिऱ्यासाठी आलेला नसतो.

म्हणजे मला खटकतं ते कशानं? जबरदस्तीनं आणि काम अडण्यानं. शुभेच्छा वाचणाऱ्याला काही करावं लागत नाही, वाचली, पुढं गेला. आरतीला उभं राहायला लागतं, वहीत नाव घालायला लागतं. घटनेचा सगळा रोखही मला तिकडंच दिसतो. कलम २७ म्हणतं एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी खर्च होणारा कर द्यायची सक्ती नाही, कलम २८ म्हणतं पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही, आणि अनुदानित शाळेत असेल तरी पोराला बळंच बसवता येणार नाही. १९८६ ची बिजॉय इमॅन्युएल केस तर तुम्ही वर्गात शिकवली असणार. केरळातली तीन भावंडं, यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची, राष्ट्रगीताला नीट उभी राहायची पण म्हणायची नाहीत, शाळेनं काढून टाकलं आणि सुप्रीम कोर्टानं परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीत बंद करा असं कोर्टानं नाही म्हटलं. गप्प उभं राहणाऱ्याला हात लावू नका म्हटलं. माझं माप तेच आहे, जो गप्प राहिला त्याला त्रास होतोय का ते बघा.

आणि सरसकट बंदीचं काय होतं ते आपण बघितलंय. जानेवारी २०१७ मध्ये ग्रामविकास खात्याचं परिपत्रक आलं होतं, शाळा आणि सरकारी ऑफिसात देवादिकांचे फोटो नकोत, पूजा नकोत. शिवसेना सरकारात असून विरोधात उभी राहिली आणि परिपत्रक मागं घ्यावं लागलं. त्यातलं सक्तीच्या पूजेचं जे चांगलं होतं ते पण त्याच्याबरोबर गेलं. फोटोला हात घातला नसता तर वर्गणीची वही तरी बंद करता आली असती असं मला आजही वाटतं.

परदेशाचा दाखला जरा जपून द्या सर. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या कौन्सिलनं १९९७-९८ ला थंडीतल्या सगळ्या कार्यक्रमांना मिळून 'विंटरव्हल' असं नाव दिलं होतं, त्यावरून 'ख्रिसमसवर बंदी' अशी बोंब झाली आणि ती बोंब वर्षानुवर्षं चालली. प्रत्यक्षात कौन्सिलच्या इमारतीवर मेरी ख्रिसमसचा बॅनर होता. डेली मेल या तिथल्या पेपरला २०११ ला खुलासा छापायला लागला. अमेरिकेत दुकानदार 'हॅपी हॉलिडेज' म्हणतात ते गिऱ्हाईक सांभाळायला, सरकारी हुकूम नाही तो. टेक्सासनं तर २०१३ ला कायदा केला की शाळेत मेरी ख्रिसमस म्हणायला, ज्यूंच्या हनुक्का सणाच्या शुभेच्छा द्यायला हरकत नाही. तेव्हा प्रगत देशात नाव घेत नाहीत हे तितकंसं खरं नाही.

दाभोलकरांचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून सांगतो, त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका पहिल्यापासून हीच आहे की देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे. गणपती बसवूच नका असं ते सांगत फिरले नाहीत, मूर्ती नदीत न सोडता दान करा म्हणाले. आणि अण्णांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, ज्याला १९२७ ला गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचं नाव दिलं, तिथं निरनिराळ्या जातीधर्माची पोरं एका पंगतीला बसायची. शेजारी कोण बसलाय हे प्रत्येक पोराला माहिती होतं, तरी बसत होती, तेच तर मोठं होतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, पंढरपूरची शासकीय महापूजा. यात मी तुमच्या बाजूला आहे. मुख्यमंत्र्यांनी भक्त म्हणून जरूर जावं, राज्याच्या वतीनं पूजा कशाला हे मला पण कळलेलं नाही. २०१८ ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळं मुख्यमंत्री आषाढीला पंढरपूरला गेलेच नाहीत, मुंबईत बंगल्यावरच पूजा केली, वारी झाली, एकादशी झाली, वारकऱ्यांचं काही अडलं नाही. आता हे लिहिल्यावर पहिला फोन आमच्या वडलांचा येणार, ते माळकरी आहेत, आणि त्यांना उत्तर द्यायला मला तुमच्यापेक्षा जास्त तयारी लागणार आहे.