प्लास्टरच्या आतली खाज

हाड मोडलं की सहानुभूती मिळते. प्लास्टरच्या आत खाज सुटली की सल्ले मिळतात. भेटायला आलेली मावशी विणकामाची सुई पुढे करते, काका फुटपट्टी सुचवतात, शेजारचे तर थेट खराट्याची काडी घेऊनच हजर. सगळ्यांबद्दल आदर राखून माझं मत असं, की यातलं काहीही आत जाता कामा नये.

प्लास्टरखाली कापसाचा थर आणि त्याखाली कातडी. तिला ना आंघोळ, ना वारा. मृत पेशी रोज सुटतात, पण पडणार कुठे? तिथेच साचतात, घामात मुरतात. मुंबईच्या जुलैत तर वाळायचं नावच नको. अशी उबदार, ओलसर, जेवणखाणासकट बिनभाड्याची जागा जिवाणू आणि बुरशी कशाला सोडतील? स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणू एरवीही आपल्या अंगावर मुक्कामाला असतोच. काडीने कातडी खरवडली की त्याला आत शिरायला वाट मिळते. वर काडी आतच मोडते, कापसाच्या गुठळ्या होतात, त्या टोचून फोड येतात. टाल्कम पावडरचा तर नुसता लगदा होतो.

त्यापेक्षा हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून कडेतून हवा सोडावी. गरम नको, कातडी भाजते. प्लास्टरवर बाहेरून टिचक्या माराव्यात. दुसऱ्या पायाला त्याच जागी खाजवावं. बघणारे हसतात, पण कधीकधी मेंदू फसतो. झोपच उडाली तर डॉक्टरांना विचारून सेटिरिझिन, म्हणजे खाजेवरची गोळी.

पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचं नेहमीचं प्लास्टर, पूर्ण वाळायला 24 ते 72 तास लागतात आणि नंतर भिजलं तर ते मऊ पडतं. फायबरग्लासचं प्लास्टर घातलेले फायबरवाले मात्र ऐटीत असतात, ‘आमचं वॉटरप्रूफ!’ अहो, फायबर वॉटरप्रूफ, आतला नेहमीचा कापूस नाही. तो भिजला की लवकर वाळत नाही आणि कातडी पांढरी, लिबलिबीत होते. म्हणून आंघोळीला दोन पिशव्या, दोन्ही वेगवेगळ्या चिकटपट्टीने बांधलेल्या, आणि पाय पाण्याच्या धारेपासून लांब, स्टुलावर.

काही आठवड्यांनी आंबूस वास येणारच. घरच्यांनी खिडकी उघडावी. सडका वास, प्लास्टरवर उमटलेला ओला डाग, एकाच जागी आग किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे. बोटं निळी किंवा बधिर पडली, ठणका वाढतच गेला, तर तेवढाही धीर नको, लगेच निघावं.

प्लास्टर निघाल्यावर पायावर पिवळट पापुद्रे दिसतात आणि हात आपोआप वज्रीकडे जातो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, मग खोबरेल तेल. वज्री कोणाकडून तरी लपवून घ्यावी.