‘डिस्चार्ज बुकात नाही म्हणजे संपले’ : परदेशातील सैनिकी सेवेच्या नोंदींविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

माजी सैनिकांमध्ये आणि त्यांच्या कुटुंबीयांमध्ये एक संदेश बराच काळ हातोहात फिरत आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : ज्या जवानाच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्तीच्या वेळी हाती मिळणाऱ्या सेवापुस्तिकेत, श्रीलंका, काँगो, गाझा किंवा सोमालिया येथील सेवेची आणि पदकाची नोंद नाही, त्याला ती आता मिळणे शक्य नाही, कारण डिस्चार्ज बुक हाच अंतिम पुरावा असतो, पंचवीस वर्षांनी सगळी कागदपत्रे नष्ट केली जातात, सशस्त्र दल न्यायाधिकरणाची सहा महिन्यांची मुदत तर केव्हाच उलटलेली असते. एवढे सांगून झाल्यावर तोच संदेश उलट दिशेला वळतो आणि म्हणतो की, तरीही प्रयत्न करायचा असेल तर दोन साथीदारांची प्रतिज्ञापत्रे जोडून एखाद्या ‘जाणकारा’मार्फत अर्ज करावा, म्हणजे पदकाबरोबर दरमहा भत्ताही सुरू होईल.

या संदेशाचा पहिला भाग ज्यांचा हक्क खरा आहे त्यांना घरी बसवतो आणि दुसरा भाग त्यांच्या खिशात हात घालतो. त्यातील प्रत्येक विधानात सत्याचा थोडा अंश आहे आणि म्हणूनच ते पटते. तेव्हा एकेक विधान वेगळे काढून तपासणे आवश्यक आहे.

डिस्चार्ज बुक हा अंतिम पुरावा आहे, हे मुळातच चूक आहे. डिस्चार्ज बुक हा मूळ अभिलेखातून निवृत्तीच्या वेळी उतरवून घेतलेला गोषवारा असतो. जवानाच्या सेवेतील प्रत्येक बदल, म्हणजे भरती, बदली, बढती, रजा, लग्न, अपत्यजन्म, परदेशी रवानगी आणि परत येणे, हे सारे त्याच्या युनिटने प्रसिद्ध केलेल्या ‘पार्ट टू ऑर्डर’मधून रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या अभिलेख कार्यालयाला, कळवले जाते, आणि त्यावरून शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या मूळ सेवापत्रकात, नोंद होते. डिस्चार्ज बुक या साखळीचे शेवटचे टोक आहे. उतरवून घेताना एक ओळ सुटली असेल, तर मूळ नोंद शाबूत असते आणि तिच्या आधारे दुरुस्ती मागता येते. मूळ पार्ट टू ऑर्डरच निघाली नसेल, तर प्रश्न अधिक कठीण होतो, पण तोही वेगळ्या प्रकारचा प्रश्न आहे. म्हणून अर्ज करण्याआधी पहिले काम हे की, चूक साखळीच्या कोणत्या कडीत झाली ते शोधणे. बहुतेक अर्ज इथेच फसतात, कारण त्यांत ‘मी श्रीलंकेत होतो, मला पदक द्यावे’ एवढेच लिहिलेले असते आणि रेकॉर्ड ऑफिसला तपासण्याजोगे त्यात काहीच नसते.

ही चूक कुठे होण्याचा संभव अधिक, हेही सांगितले पाहिजे. पायदळाच्या पलटणीबरोबर समुद्रापार गेलेले सगळेच त्या पलटणीचे नसतात. सिग्नल्सचा रेडिओ ऑपरेटर, ईएमईचा (यंत्रदुरुस्ती विभागाचा) कारागीर, एएससीचा (पुरवठा व वाहतूक विभागाचा) चालक, आर्मी मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट हे संलग्न म्हणून जातात. कारवाई ज्या पलटणीबरोबर केली तिचे रेकॉर्ड ऑफिस एका गावात आणि स्वतःच्या कोअरचे दुसऱ्या गावात, अशी त्यांची स्थिती असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, महार रेजिमेंटचे सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला आणि ईएमईचे सिकंदराबादला असतात. संलग्न जवानाचे नाव पलटणीच्या पदकयादीत आले नाही आणि त्याच्या मूळ युनिटनेही ते कळवले नाही, तर तो दोन्हीकडून सुटतो. अशा जवानाने आपला अर्ज आपल्याच कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसकडे करावयाचा असतो, मात्र ज्या पलटणीला तो संलग्न होता तिचे नाव, तिथे रुजू झाल्याची आणि तेथून परतल्याची अंदाजे तारीख त्यात स्पष्ट असली पाहिजे. अधिकाऱ्यांचे अभिलेख मात्र दिल्लीत सेना मुख्यालयाच्या अखत्यारीत असतात.

पंचवीस वर्षांनी सगळे नष्ट होते, हे विधान अर्धे खरे असल्यामुळेच जास्त घातक आहे. सेनेच्या नियमावलीप्रमाणे ज्यांना निवृत्तिवेतन मिळत नाही अशा जवानांची सेवाविषयक कागदपत्रे निवृत्तीनंतर पंचवीस वर्षांनी नष्ट केली जातात, हे खरे आहे आणि न्यायाधिकरणांपुढील कितीतरी प्रकरणांत सरकारपक्षाने तसे उत्तर दिलेले आहे. परंतु त्याच उत्तरांत पुढचे वाक्य बहुधा असते की, लाँग रोल उपलब्ध आहे. लाँग रोल हे कायमस्वरूपी जपले जाणारे रजिस्टर असून त्यात जवानाची मोजकी पण महत्त्वाची माहिती राहते. ‘कागदपत्रे नष्ट झाली आहेत’ असे उत्तर आल्यास त्यावर थांबण्याऐवजी लाँग रोलच्या नोंदीची प्रत मागितली पाहिजे. निवृत्तिवेतनधारकांना तर हा पंचवीस वर्षांचा नियम त्याच अर्थाने लागूच होत नाही, आणि संदेश वाचून निराश होणाऱ्यांत निवृत्तिवेतनधारकच मोठ्या संख्येने असतात, ही खेदाची गोष्ट आहे.

शिवाय जवानाची वैयक्तिक कागदपत्रे म्हणजेच सारा पुरावा नव्हे. कारवाईत उतरलेल्या युनिटला वॉर डायरी, म्हणजे कारवाईच्या घडामोडींची नोंदवही, ठेवावी लागते. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार अशा नोंदी मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे सोपवायच्या असून त्या साधारणपणे पंचवीस वर्षांत खुल्या करण्याची तरतूद आहे. वॉर डायरीत प्रत्येक शिपायाचे नाव सापडेल असे नाही, पण पलटण कोणत्या तारखांना कुठे होती हे तिच्यातून ठरते, आणि जवान त्या तारखांना त्या पलटणीत होता हे शीट रोल किंवा लाँग रोलवरून ठरते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की परदेशातील सेवा सिद्ध होते. माझ्या मते जुन्या प्रकरणांत हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, आणि तो फार थोडे लोक वापरतात.

घरातल्या पेटीतही पुरावा असू शकतो, याकडे कुटुंबीयांचे लक्ष वेधावेसे वाटते. परदेशी गेलेल्या भारतीय सैन्यदलांसाठी टपालखात्याने मुद्दाम अधिमुद्रित केलेली, म्हणजे नेहमीच्या तिकिटांवर वेगळा मजकूर छापलेली, तिकिटे काढली होती : कोरियातील संरक्षक दलासाठी १९५३ मध्ये, काँगोतील संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतील भारतीयांसाठी १९६२ मध्ये आणि गाझातील दलासाठी १९६५ मध्ये. अशा तिकिटाचे, जवानाच्या हस्ताक्षरातील आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असलेले पाकीट एकट्याने नोंद मिळवून देणार नाही, पण रेकॉर्ड ऑफिसच्या नोंदीत जिथे तारीख धूसर आहे तिथे ते ती पक्की करू शकते. ज्यांच्या आजोबांनी मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्या हाताखाली कोरियात १९५३-५४ मध्ये युद्धकैद्यांची जबाबदारी सांभाळली, किंवा १९५० पासून तिथे राबलेल्या ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स या वैद्यकीय पथकात काम केले, त्या घरांनी जुनी पत्रे रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावीत.

आता मुदतीचा प्रश्न. सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा २००७ मध्ये सहा महिन्यांची मुदत आहे, हे बरोबर. पण ती घटनेच्या दिवसापासून मोजली जात नाही. आधी संबंधित अधिकाऱ्याकडे दाद मागावी लागते, आणि त्याच्या अंतिम आदेशापासून मुदत सुरू होते. सहा महिन्यांत काही निर्णयच आला नाही, तरीही न्यायाधिकरणाकडे जाण्याचा मार्ग खुला होतो. पुरेसे कारण असेल तर विलंब माफ करण्याचा अधिकारही न्यायाधिकरणाला आहे. महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी मुंबईचे खंडपीठ आहे. निवृत्तिवेतनासारख्या दरमहा पुन्हा पुन्हा होणाऱ्या अन्यायाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये युनियन ऑफ इंडिया विरुद्ध तरसेम सिंग या प्रकरणात स्पष्ट केले की, अनेक वर्षांच्या विलंबानंतरही दाद देता येते, मात्र थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित राहते.

इथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका निकालात म्हटले आहे की, फार जुन्या मागणीवर नव्याने अर्ज केला आणि कार्यालयाने त्याला उत्तर दिले, एवढ्याने शिळी झालेली मागणी जिवंत होत नाही. पदकाची मागणी ही दरमहा नव्याने निर्माण होणारी हानी आहे, असा युक्तिवाद निवृत्तिवेतनाइतका सहज टिकेलच असे नाही. म्हणून ज्यांच्या मागणीत निवृत्तिवेतनाचा प्रश्न नसून केवळ पदकाचा आहे, त्यांनी न्यायालयीन मार्गापेक्षा रेकॉर्ड ऑफिसच्या स्तरावर कागद भक्कम करण्याकडे अधिक लक्ष द्यावे. तिथे पात्रता सिद्ध झाली तर नोंद करून पदक देण्यास न्यायाधिकरणाच्या आदेशाची गरज नसते.

पदकाबरोबर दरमहा भत्ता सुरू होतो, हे विधान तर सरळ खोटे आहे. शौर्यपदके आणि सेवापदके या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. १९६० मध्ये सुरू झालेले विदेश सेवा पदक, ज्याच्या फितीवर देशाच्या नावाची पट्टी असते, किंवा संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत साधारणपणे ९० दिवसांच्या सेवेनंतर मिळणारे पदक, ही ठरावीक काळ ठरावीक ठिकाणी सेवा केल्याबद्दलची पदके आहेत. त्यांना मासिक भत्ता नाही. भत्ता आहे तो शौर्यपुरस्कारांना, आणि ते अभिलेख-दुरुस्तीच्या अर्जातून मिळत नाहीत. त्यासाठी त्या वेळच्या वरिष्ठांची शिफारस, तिची पडताळणी आणि भारताच्या राजपत्रातील अधिसूचना लागते. काँगोत ५ डिसेंबर १९६१ रोजी कॅप्टन गुरबचनसिंग सालारिया यांनी किंवा श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी गाजवलेल्या शौर्याला परमवीर चक्र मिळाले ते याच वाटेने. राजपत्रात नाव आहे पण डिस्चार्ज बुकात नाही, अशी स्थिती असेल तर दुरुस्ती अवश्य मागावी. राजपत्रात नावच नसेल, तर ‘दुरुस्ती’ या शब्दाखाली नवा शौर्यपुरस्कार मागणे व्यर्थ आहे.

मात्र परदेशातील सेवेची नोंद आर्थिकदृष्ट्या निरर्थक आहे, असा अर्थ यातून कोणी काढू नये. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात अपंगत्व आणि मृत्यूची प्रकरणे ‘ए’ ते ‘ई’ अशा वर्गांत विभागली आहेत, आणि परदेशातील शांतिसेनेच्या मोहिमेत तैनात असताना झालेल्या कारवाईतील दुखापत ‘ई’ वर्गात येते. निवृत्तिवेतनातील सर्वसाधारण अपंगत्वाचा घटक १०० टक्के अपंगत्वासाठी वेतनाच्या ३० टक्के धरला जातो, तर निवृत्तीपर्यंत सेवेत राहिलेल्या जवानासाठी युद्ध-दुखापतीचा घटक ६० टक्के असतो. ज्या जवानाची दुखापत परदेशातील कारवाईत झाली, पण ती सेवाच अभिलेखात नाही, त्याचे दरमहा किती नुकसान होत आहे, हे यावरून दिसते. मृत जवानाच्या पत्नीला मिळणाऱ्या कुटुंब-निवृत्तिवेतनाचा प्रकारही याच वर्गीकरणावर अवलंबून असतो. म्हणजे संदेश जिथे पैशाचे आमिष दाखवतो तिथे पैसा नाही, आणि जिथे खरोखर हक्क आहे त्याचा त्यात उल्लेखही नाही.

साथीदारांच्या प्रतिज्ञापत्रांविषयी थोडक्यात. ती निरुपयोगी नाहीत, पण एकटी पुरेशीही नाहीत. प्रतिज्ञापत्र देणाऱ्याच्या स्वतःच्या अभिलेखात त्या मोहिमेची नोंद असेल, त्याने आपला सेवाक्रमांक, कंपनी आणि तारखा दिल्या असतील आणि मूळ नोंदीतील एखादी नेमकी उणीव त्याने भरून काढली असेल, तर त्याला वजन येते. ‘हा आमच्याबरोबर होता’ एवढेच सांगणारे छापील नमुन्याचे प्रतिज्ञापत्र कोणत्याही कार्यालयात बाजूला ठेवले जाते.

राहिला तो ‘जाणकार’. रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करण्यास कोणत्याही मध्यस्थाची गरज नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असा अर्ज लिहिण्यास आणि पुढे पाठवण्यास मदत करते, आणि त्यासाठी मोबदला द्यावा लागत नाही. स्वतःच्या शीट रोलची, पार्ट टू ऑर्डरची किंवा लाँग रोलच्या नोंदीची प्रत माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपयांच्या शुल्कात मागता येते आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास पहिले अपील करता येते. या कायद्याने नोंद बदलत नाही, फक्त नोंद काय आहे ते कळते, पण अर्जाआधी नेमके तेच कळणे आवश्यक असते. निवृत्तिवेतनाच्या ‘स्पर्श’ प्रणालीतील माहिती दुरुस्त केल्याने सेवा-अभिलेख आपोआप दुरुस्त होतो, असाही गैरसमज आढळतो. तसे होत नाही, कारण सेवेची मूळ नोंद रेकॉर्ड ऑफिसकडेच असते.

अर्जात सेवाक्रमांक, हुद्दा, संपूर्ण नाव, मूळ युनिट, ज्या युनिटबरोबर परदेशी गेला ते युनिट, मोहिमेचे नाव, जाण्याच्या आणि परतण्याच्या तारखा, आणि कोणती नोंद कोणत्या कागदाच्या आधारे हवी आहे, हे क्रमाने लिहावे. मूळ डिस्चार्ज बुक कधीही कोणाच्या हाती सोपवू नये; साक्षांकित प्रत जोडावी आणि अर्जाची एक प्रत स्पीड पोस्टच्या पावतीसह जपून ठेवावी, कारण पुढे न्यायाधिकरणापुढे दाद मागण्याची वेळ आली तर मुदतीचा हिशेब त्या पावतीवरूनच मांडावा लागतो. जवान हयात नसेल तर त्याची पत्नी किंवा निकटचा वारस आपल्या नात्याचा पुरावा जोडून हाच अर्ज करू शकतो.