पुन्हा तेच 'एक्स-'!

ईमेलसाठी नवा हेडर (मेलच्या मजकुराआधी येणारी 'नाव: माहिती' अशी ओळ) काढायचा म्हटलं की कुणीतरी नावाच्या सुरुवातीला 'एक्स-' चिकटवतोच. "सध्या प्रायोगिक आहे, नंतर काढू." नंतर कोण काढतो? १९८२ च्या आरएफसी ८२२ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) खासगी हेडरसाठी ही सोय दिली, ठीक. पण 'एक्स-स्पॅम-स्टेटस'सारखं नाव एकदा लोकांच्या फिल्टरमध्ये शिरलं की हलत नाही. पुढे अधिकृत मानक ठरवताना नवं नाव आलं तरी जुनं राहतंच, आणि कोड लिहिणाऱ्याने दोन्ही तपासत बसायचं! २०१२ मध्ये आरएफसी ६६४८ ने स्पष्ट सांगितलं, नव्या नावांना 'एक्स-' लावू नका. तरी तेच! 'लिस्ट-अनसबस्क्राइब' बघा ना, १९९८ पासून आहे, वाचताक्षणी काम कळतं. असं सरळ नाव द्यायला इतकं जड का जातं?